पहिला टाका कोणाच्या हातचा

१० फेब्रुवारी

बिस्मिल्ला. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथेच लिहिते. नवी वही आणायची म्हणजे पुन्हा खर्च, आणि लिहिण्यासारखं माझ्याकडे असं असून असून किती असणार.

ह्यांचा मॉस्कोहून फोन होता. रुबल पडला, बांधकामं थांबली, म्हणून यापुढे निम्मेच पैसे येतील. म्हणाले, "सावरी, सांभाळून घे." मी म्हटलं, घेते. अकरा वर्षं तेच करतेय. ह्यांना शेवटचं पाहिलं त्याला येत्या जर्दाळूच्या मोसमात चार वर्षं होतील.

फोन ठेवल्यावर मनात आलं, आपणच घरात काहीतरी सुरू केलं आणि ते नीट चाललं, तर ह्यांना ठणकावून सांगता येईल की पुरे झालं, या आता. थोरल्या दोघींची लग्नं बापाशिवाय लावली. मुनिराच्या लग्नात तरी बाप दारात उभा हवा. अल्लाकडे एवढंच मागितलं.

१३ फेब्रुवारी

थंडी फार. आम्ही तिघी निखाऱ्याच्या चौरंगावर रजई टाकून तिच्यात पाय घालून बसलो होतो. धंदा कोणता करायचा यावर चर्चा.

सासूबाई म्हणाल्या, रोट्या भाज. पण गल्लीत आधीच दोघी भाजतात. त्यातल्या एकीचं पोट त्यावरच आहे. तिच्या पोटावर पाय द्यायचा नाही. मुनिरा म्हणाली, कोंबड्या पाळू. गेल्या वर्षी आठवड्याभरात सगळ्या पटापट मेल्या, ते ती विसरली, मी नाही. जर्दाळू वाळवून विकावेत तर झाड एकच, आणि त्याचे निम्मे शेजारची पोरं खातात.

तेवढ्यात अन्झुरत खाला आल्या. शेजारच्या, मोहल्ल्यातली सगळी लग्नं जुळवणाऱ्या. आमचं ऐकून म्हणाल्या, "अगं बायांनो, ज्याच्यावर बूड टेकून बसलात तेच शिवा की! नवरीच्या रजया, गाद्या. लग्नं काय थांबणार आहेत?"

मी म्हटलं, शिवणाऱ्या खूप आहेत.

"शिवणाऱ्या आहेत गं. पहिला टाका घालणारी कुठे आहे? एकच निकाह, नवरा हयात, तीन लेकरं, एकही मातीत गेलेलं नाही, वर सासू खूश. अशी बाई आपल्या सगळ्या कोनीबोदोम गावात दिवा घेऊन शोधावी लागते."

"खूश कोण म्हणालं?" सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या हसलो.

खालांचं खरं आहे. नवरीच्या रजईत पहिला कापूस पसरायचा आणि पहिला टाका घालायचा तो नशीबवान बाईनेच. जिचा नवरा गेला, जिला तलाक मिळाला, जिच्यावर सवत आली, तिने त्या दिवशी कापसालाही हात लावू नये. मुलीच्या संसाराला ते लागतं. थोरल्या दोघींच्या वेळी मला अशी बाई आणायला किती दारं पालथी घालावी लागली होती. आणि मी स्वतःच तशी आहे हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ठरलं.

२२ फेब्रुवारी

बाजारात जाऊन कापूस, अस्तराचं चीट आणि दोरा आणला. मुनिराच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून घेतलं. परत टाकायचं आहे.

चिटाचा दुकानदार म्हणाला, "आपा, या भावात मी माझ्या बहिणीलाही देत नाही."

मी म्हटलं, "बहिणीला फुकट देत असशील. मी पैसे देतेय."

हसला आणि भावात उतरला. बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली की जीभ चालते.

५ मार्च

पहिलं काम. खालच्या गल्लीतली मस्तूरा, तिच्या मुलीचं लग्न नवरोजनंतर. मखमली सहा रजया, बारा गाद्या.

सकाळी हातपाय धुऊन वजू केली, स्वच्छ कपडे घातले, नफल नमाजाचे दोन रकात पढले. अंगणात बायका जमल्या. मुनिराने आणि मी आदल्या दिवशी काठ्यांनी झोडून कापूस इतका मोकळा केला होता की फुंकर घातली तर उडेल. पहिली मूठ मी पसरली. पहिला टाका घातला. मस्तूराने माझ्या हातावरून खडीसाखर आणि गोळ्या उधळल्या, पोरं तुटून पडली. ती माझ्या मनगटाला हात लावून तो डोळ्यांना लावत म्हणाली, "आपा, तुमचं नशीब माझ्या लेकीला लागो."

मी आमीन म्हटलं. पण घरी येताना जरा भीतीही वाटली. लोक इतकं मागतात आपल्याकडून. आपण काय आहोत, एक बाई. सुई तेवढी आपली, देणारा तो.

त्या दिवशीच्या तीन बायकांनी काम सांगून ठेवलं आहे.

११ एप्रिल

बोटं सुजली आहेत, लिहवत नाही. पण वाईट दिवस नाहीत. मुनिराचे पैसे जागेवर परत गेले. सासूबाई सुईत दोरा ओवून ओवून ठेवतात, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणतात, "या वयात मला मजूर केलीस." कोणी गिऱ्हाईक आलं की हेच मोठ्याने आणि अभिमानाने सांगतात.

१७ एप्रिल

ह्यांना फोन केला. किती रजया झाल्या, किती सांगून ठेवल्या आहेत, सगळं सांगितलं. म्हटलं, "आता या तुम्ही. दोघांचं भागेल. इथे बांधकाम मिळालं नाही तर कापूस आणायला, पोचवायला माणूस हवाच आहे मला."

फोनमध्ये मागे लहान मूल रडत होतं. विचारलं तर म्हणाले, "बाजूच्या खोलीतल्यांचं आहे." एवढ्याशा जागेत बायकापोरांसकट माणसं राहतात तिथे. बिचारे.

मग म्हणाले, "बघू." पूर्वी 'नाही' म्हणायचे. 'बघू' हे पहिल्यांदाच. अल्लाचे आभार म्हणून दोन रकात पढले.

६ जून

रोजे सुरू झाले. या महिन्यात लग्नं नाहीत, आणि दोन ईदांच्या मधेही आमच्याकडे कोणी लग्न करत नाही, त्यामुळे काम कमी. पुढच्या मोसमाचा कापूस मात्र आत्ताच स्वस्त मिळतो, तो भरून ठेवला.

१५ जून

आज ह्यांचा फोन सासूबाईंच्या फोनवर आला. माझ्याशी बोलतील म्हणून मी हात पुसून उभी राहिले, तर सासूबाई फोन घेऊन जर्दाळूच्या झाडाखाली गेल्या. परत आल्या त्या भिंतीला धरून. म्हणाल्या, "उपासाने चक्कर आली." फोन बंद झाला होता. मी म्हटलं, या वयात नका धरू रोजा, त्याबदली गरिबाला जेवू घालू. ऐकत नाहीत.

रोजा सोडायच्या वेळी सासूबाईंनी खजूर आधी माझ्या हातात दिला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ जून

सासूबाईंना बीओतूनकडे घेऊन गेले. मोहल्ल्यातल्या बायकांना कुराण शिकवणारी, अडल्यानडल्याला धर्मात काय बसतं तो मसला सांगणारी म्हातारी आहे. कसला मसला विचारायचा होता ते मला सांगितलं नाही. मला अंगणात बसवलं. आत तिच्या शिकाऊ बायका होत्या चार. रोज्याचंच काही असेल.

बाहेर आल्या तेव्हा त्या चौघीही दारापर्यंत आल्या आणि एकीने उगाच माझे खांदे दाबले. "धीर धरा, आपा." मी म्हटलं, धरलाय की, सूर्य बुडायला दोनच तास राहिलेत.

६ जुलै

ईद मुबारक. ह्यांचा फोन नाही. पैसे आले, पण सासूबाईंच्या नावावर. लाइनीत उभं राहण्याचा माझा त्रास वाचावा म्हणून असेल.

सासूबाईंनी आज मला पाय चेपू दिले नाहीत. "राहू दे, तू बस." म्हातारपणी माणूस मऊ होतं. माझी आईही शेवटी अशीच झाली होती.

२० ऑगस्ट

मस्तूराची धाकटी बहीण आली. हिच्या मुलीचं लग्न कुर्बानीच्या ईदनंतर. मार्चमध्येच बोललेली होती. रजया शिवायला देते म्हणाली, पण पहिला टाका घरीच घालून आणेल. कापूसही घरीच पसरून आणेल.

मी म्हटलं, "मग मी काय करायचं?"

"मधलं," म्हणाली. माझ्याकडे न बघता चिटावरून हात फिरवत होती. "म्हणजे, आमच्या घरात एक खाला आहेत, त्यांचा मान असतो ना आपा, त्या रुसतात."

असतो मान. मी मधलं शिवून दिलं.

२ सप्टेंबर

आणखी दोघींनी सांगून ठेवलेलं काढून घेतलं. एकीने कारण सांगितलं, लग्न पुढे गेलं. दुसरीने सांगितलंच नाही.

हिशेब मांडून बसले. काय चुकतंय? माझा दर बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, ते खरं. जूनमध्ये घेतलेल्या कापसात सरकीचे तुकडे निघाले, तेही खरं. आजपासून दर कमी केला. सगळा कापूस उपसून पुन्हा झोडला. मुनिराचे हात सोलून निघाले.

ती म्हणाली, "आई, कापसात काही नाहीये."

"मग कशात आहे?"

काठी टाकून आत गेली. सतरा वर्षांची पोर, तिला लग्नाच्या वयात कापूस झोडायला लावलं तर चिडेलच.

१५ सप्टेंबर

अन्झुरत खालांना गाठलं. त्यांनीच धंदा सुचवला, त्यांनीच गिऱ्हाईक आणलं, मग आता काय झालं?

"लोकांचा काय नेम, सावरी."

"तुम्ही माझ्यासाठी बोलत नाही पूर्वीसारखं."

"बोलते गं. दात पडले, शब्द नीट निघत नाहीत." आणि मला घरात घेऊन दुधाचा शीरचाय पाजला, लोणी मापात न घालता, भरपूर. त्यांची चिक्कूगिरी सगळ्या मोहल्ल्याला माहीत. मला रडू येईल असं वाटलं, का ते कळेना.

मुनिराला बघून गेलेली इस्फारा गावची मंडळी परत येणार होती. त्यांचं काय, विचारलं. खाला म्हणाल्या, थांबू थोडं.

९ ऑक्टोबर

एकही काम नाही. महिना झाला.

नमाज चुकवलेली नाही. कोणाचं वाईट चिंतलं नाही. मापात कापूस कमी घातला नाही. मग अल्ला कशाबद्दल रागावला आहे ते कळलं असतं तर बरं झालं असतं. असं लिहिणं बरोबर नाही. खोडत नाही, कारण आलं मनात ते आलं.

ह्यांना फोन लावला, लागत नाही. 'बघू' म्हणाले होते. आता कोणत्या तोंडाने या म्हणू? मीच म्हटलं होतं दोघांचं भागेल.

६ नोव्हेंबर

सकाळी एक अनोळखी बाई आली. गुलचेहरा, स्टेशनपलीकडे राहते, तिशीची असेल. नवऱ्याने रशियातून फोनवर सोडली. दोन वर्षं माहेरी होती, आता एका बायको वारलेल्या माणसाशी लग्न ठरलं आहे. गाजावाजा नाही, दोन रजया आणि चार गाद्या हव्यात. पहिला टाकाही तुम्हीच घाला म्हणाली.

मला इतका आनंद झाला की चहा टाकायच्या आधी मी खणातली मखमल काढून तिच्यापुढे पसरली.

ती म्हणाली, "मी तिघींकडे जाऊन आले, आपा. माझ्यासारखीची रजई म्हटल्यावर तोंड वाकडं करतात. म्हणतात, आमच्या हाताचं नशीब तुला लागेल का आम्हाला तुझं लागेल कोणाला ठाऊक. मग मला कोणीतरी म्हणालं, सावरीनिसोकडे जा. ती नाही म्हणणार नाही. तुमचं आमचं सारखंच."

मी विचारलं, "सारखं म्हणजे?"

तिने पेला खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला. "आपा... मला वाटलं... आम्हाला तर स्टेशनपलीकडे माहीत आहे."

मग ती काय म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

तिला उद्या ये म्हटलं.

६ नोव्हेंबर, असरच्या नमाजानंतर

सासूबाई दोरा ओवत होत्या. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "रमझानमध्ये फोनवर काय म्हणाले?"

त्या सुईच्या भोकात बघत राहिल्या. "तलाक, तीनदा म्हणाला. तुझ्या कानात म्हणायची हिंमत नव्हती, माझ्या कानात म्हणाला. आईच्या कानात." मग म्हणाल्या, "तिथे एक बाई आहे. मुलगा आहे दोन वर्षांचा. ती म्हणते, एक काय ते ठेव."

"मग बीओतून काय म्हणाल्या?"

"मोठ्या मुल्लांना विचारून सांगते म्हणाली. अजून विचारतेय."

"म्हणजे माझा तलाक झाला आहे की नाही?"

"मला काय माहीत गं! आणखी कोणाला विचारू? विचारीन तिथे बातमी पोचेल म्हणून गप्प बसले."

मला हसू आलं. खरंच आलं. पाच महिने मी ह्यांच्यासाठी दुआ करतेय, दर कमी करतेय, सरकी वेचतेय, आणि स्टेशनपलीकडे माहीत आहे.

म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी माझ्या पदराचं टोक धरलं, लहान मूल धरतं तसं. "सांगितलं असतं तर तू गेली असतीस. तो तर गेलाच. मला मग कोण होतं?"

मुनिरा दारात उभी होती. तिला ऑगस्टअखेरपासून माहीत होतं. इस्फाराच्या मंडळींनी स्थळ नको म्हणताना खालांना काय कारण कळवलं ते तिने ऐकलं होतं.

स्वयंपाक केला. तिघी जेवलो. मीठ आज जरा जास्त पडलं.

७ नोव्हेंबर

पहाटेच्या फजरच्या नमाजापासून विचार केला. गुलचेहरा सांगून गेली त्याच वेळी आली, गोळ्यांचा पुडा घेऊन, उधळायला. बरोबर कोणी बाई नव्हती. कापूस तयार होता, अस्तर बेतलेलं होतं, सासूबाईंनी सुईत दोरा ओवून ठेवला होता. गेल्या दोन महिन्यांतलं हे एकच काम. केलं असतं तर हिवाळ्याचा कोळसा सुटला असता.

मी सुई उचलली, बिस्मिल्ला म्हटलं, आणि हात पुढे जाईना.

"माझ्या हातचा नको," मी म्हटलं.

"मला चालतो, आपा. मी काही मानत नाही."

"तू नसशील मानत. मी मानते."

तिने मला समजावलं. बीओतूनही म्हणते की धर्मात असलं काही नाही, ही लोकांनी लावलेली रीत आहे. असेल. पण मीच वसंतात त्या मखमलीवर मान ताठ करून बसले होते, तेव्हा मला ती रीत खरी वाटत होती. आज माझी बाजू बदलली म्हणून ती खोटी कशी म्हणू? आणि ही मुलगी दुसऱ्यांदा उभी राहते आहे. तिच्या अंथरुणात माझा टाका घालून पाठवू? तिचं काही वाकडं झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?

"अन्झुरत खालांकडे जा," मी म्हटलं. "त्यांचे म्हातारे सत्तरीचे आहेत, ठणठणीत."

"त्यांनीच तर मला इकडे पाठवलं," ती म्हणाली.

मी सुई दोऱ्यासकट परत ठेवली. मग तिने गोळ्यांचा पुडा ओढणीखाली घेतला आणि उठली. मी अस्तर आणि झोडलेला कापूस बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. म्हणाली, मी स्वतःच शिवीन. "स्वतःच्या हाताने," मी म्हटलं आणि गाठोड्याची गाठ आवळली. ती जाताना सासूबाई आतून म्हणाल्या, "वेडी आहेस." मी मखमल घडी करून खणात ठेवली.

२४ नोव्हेंबर

अन्झुरत खालांच्या नातीच्या रजया. कापूस झोडायला माणूस हवा होता, रोजंदारीवर. झोडण्याला नशीब लागत नाही, हात लागतात. मी आणि मुनिरा गेलो. खालांनी डोळे वर न करता भाव सांगितला, मी घासाघीस केली नाही.

सकाळपासून झोडला. काम चांगलं झालं, खालाही म्हणाल्या. दुपारी बायका जमू लागल्या, मखमल अंथरली, कोणीतरी गोळ्यांची परात आणली. पहिला टाका घालायला खालांनी वरच्या गल्लीतली एक सून आणली होती. तिला मी लहानपणापासून ओळखते, चांगली मुलगी आहे. नवरा तिचाही तिकडेच असतो. दर शुक्रवारी फोन करतो म्हणे.

मुनिरा काठ्या गोळा करत होती. मी अंगावरचा कापूस झटकला, पेले उचलले आणि धुवायला मागच्या नळावर गेले.

थोड्या वेळाने आतून खालांचा आवाज आला, खूप गोड काढलेला. "सावरी, बाई, तू जरा बाहेर थांब हं, एवढं होईपर्यंत."

मी बाहेरच होते.